पानाच्या कडेवरचा लाल ठिपका

जुलैचा दुसरा आठवडा होता. दोन दिवस धो धो कोसळून पाऊस जरा थांबला होता. मी कणीक मळत होते आणि गॅलरीतून भाचीची हाक आली, "मावशी, लवकर ये, पानाला काहीतरी झालंय!" पिठाच्या हातांनीच धावले. आमच्या ब्रह्मकमळाच्या एका लांब चपट्या पानाच्या कडेला ज्या छोट्या छोट्या खाचा असतात, त्यातल्या एका खाचेत मोहरीच्या दाण्याएवढा लालसर ठिपका दिसत होता. ती कीड नव्हती, डागही नव्हता. फुलाची सुरुवात होती ती!

ब्रह्मकमळ उमलताना तुमच्यापैकी खूप जणांनी पाहिलं असेल. रात्री नऊ-साडेनऊला शेजारच्या काकू दार वाजवतात, "चला चला, आमचं ब्रह्मकमळ फुलतंय!" मग पायांत चपला सरकवून अख्खा मजला त्यांच्या गॅलरीत जमतो. कोणी हळद-कुंकू वाहतं, कोणी उदबत्ती लावतं, कोणी मोबाइल उंच धरतं, एखादी आजी सगळ्यांना दूध देते. अर्ध्या तासात सगळे आपापल्या घरी. सकाळी पाहावं तर फूल मान टाकून लोंबतंय. "एका रात्रीचं फूल हो," असं म्हणून विषय संपतो.

मला हे अपुरं वाटतं. उमलण्याची रात्र एकच, हे खरं. पण ते फूल घडत असतं जवळजवळ तीन आठवडे, आणि तेही उघड्यावर, आपल्या डोळ्यांसमोर. आपणच तिकडे बघत नाही. म्हणून या वेळी आम्ही दोघींनी एक वही केली. कंपासपेटीतली पट्टी घेतली, आणि वाकडी वस्तू मोजायला एक दोरा. रोज संध्याकाळी सहा वाजता मोजायचं, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी भाचीने मला पेचात टाकलं. "मावशी, पानाला कधी फूल येतं का?"

बघा, किती नेमका प्रश्न! जास्वंद आठवा. तिची कळी फांदीवर येते, पान आणि फांदी जिथे मिळतात त्या बगलेत. आंबा, मोगरा, कण्हेर, कुणाचंही पान घ्या, पानाच्या कडेवर कळी आलेली दिसणार नाही. मग इथे कशी आली? उत्तर असं की आपण ज्याला ब्रह्मकमळाचं पान म्हणतो, ते पान नाहीच. ते खोड आहे! चपटं झालेलं, हिरवं, पानाचं काम करणारं खोड. मधली जाड शीर चाचपून बघा, जुन्या झाडात ती लाकडासारखी टणक लागते. पान एका ठरावीक आकारापर्यंत वाढतं आणि एक दिवस गळून पडतं. हे तसं करत नाही. वर्षानुवर्षं राहतं आणि त्याच्या खाचांतून नव्या चपट्या फांद्या फुटत जातात.

हे झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे. काटे नाहीत म्हणून विश्वास बसत नाही ना? पण निवडुंगाच्या अंगावर जिथून काटे येतात ना, ती जागा म्हणजेच ही खाच. याने काटे सोडले, जागा मात्र ठेवली. त्याच जागेतून फांदीही येते आणि फूलही.

म्हणूनच पहिले तीन-चार दिवस आम्ही श्वास रोखून होतो. ठिपका फुलाचा आहे की नव्या फांदीचा, हे सुरुवातीला सांगता येत नाही. दोन्ही लालसर, दोन्ही टोकदार. पाचव्या दिवशी उलगडा झाला. फांदी असती तर ती चपटी आणि बारीक होत गेली असती. आमचा ठिपका गुबगुबीत झाला होता, गव्हाच्या दाण्यासारखा, आणि त्याच्यावर बारीक लालसर खवले एकमेकांवर बसलेले दिसत होते. लांबी १ सेंटिमीटर. वहीत पहिली मोठी नोंद झाली: "कळीच आहे."

या झाडाचं गाव कुठलं, ते सांगते. मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि त्याच्या खालची मध्य अमेरिका. तिथल्या दमट जंगलात हे जमिनीवर नाही, झाडांवर वाढतं. मोठ्या झाडाच्या बेचक्यात पालापाचोळा साठतो, त्यात मुळं रोवायची आणि फांद्या खाली सोडायच्या. झाडाचं अन्न ते चोरत नाही, फक्त जागा वापरतं, आपल्या सह्याद्रीतल्या आमरी (ऑर्किड) असतात ना, तसंच. बेचक्यात पाणी थांबत नाही. पाऊस पडला की भरपूर, थांबला की कोरडं. म्हणून ही जाड, रसदार खोडं. पाणी साठवायची टाकीच ती. आता कळलं ना, कुंडीत पाणी तुंबलं की ब्रह्मकमळ का कुजतं? त्याच्या मूळ गावी पाय पाण्यात ठेवून उभं राहायची वेळच येत नाही.

आणि पाणी वाचवण्याची त्याची युक्ती तर फारच भारी. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रे उघडतात, म्हणजे अंगावरची सूक्ष्म छिद्रं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण दिवसा छिद्रं उघडी ठेवली की आतलं पाणी वाफ होऊन उडतं. ब्रह्मकमळ छिद्रं उघडतं रात्री. गार हवेत कार्बन डायऑक्साइड घेतं, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं, आणि दिवसा छिद्रं बंद करून त्या साठ्यातून अन्न बनवतं. ही करामत तुमच्या ओळखीची पानफुटीसुद्धा करते. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतीशास्त्रज्ञ तेव्हाच्या मद्रास इलाख्यात काम करायचा. त्याने पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी ती चुक्याच्या भाजीसारखी आंबट लागली, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होत होतं! त्याचं हे निरीक्षण १८१५ साली लंडनमध्ये छापून आलं. आपल्या देशातल्या एका साध्या पानावरून हे जगासमोर आलं, याचा मला फार आनंद वाटतो. (तुम्ही मात्र कुठल्याही झाडाची पानं चाखू नका हं.)

पुन्हा वहीकडे येऊ. नववा दिवस, ४ सेंटिमीटर. अकरावा दिवस, ६. कळीला आता देठासारखं काहीतरी आलं आणि ती खाली लोंबू लागली. देठासारखं म्हटलं, कारण तो देठ नाही. ती फुलाचीच नळी आहे, आतून पोकळ. जास्वंदीच्या फुलाला खाली हिरवा देठ आणि मग फूल. इथे चपट्या खोडाला चिकटलेलं टोक म्हणजे अंडाशय, आणि तिथपासून पुढे सगळं फूलच.

याच सुमारास एक वाईट गोष्ट घडली. पाहुणे आले होते. त्यांना कळ्या नीट दिसाव्यात म्हणून मी कुंडी फिरवून आत घेतली आणि दोन दिवस तिथेच राहू दिली. तोवर झाडावर चार कळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन पिवळ्या पडून गळल्या. कळ्या धरलेल्या असताना झाडाची जागा, उजेड बदलला की ते कळ्या टाकतं, हे मला माहीत असायला हवं होतं. भाची रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं. पण गळलेली कळी आम्ही टाकली नाही. जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून मी ती ब्लेडने उभी चिरली. (हे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.)

आत काय होतं माहीत आहे? सगळं! फूल उमलायला अजून दहा दिवस होते, कळी माझ्या करंगळीएवढीसुद्धा नव्हती, तरी आत पाकळ्यांचे थर एकमेकांना चिकटून बसलेले होते, कोबीच्या गड्ड्यासारखे. त्यांच्या आत पुंकेसरांचे बारीक दोरे दाटीवाटीने उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर फिकट पिवळा परागकोश. मधोमध एक पांढरी जाड काडी, कुक्षीवृंत. आणि अगदी तळाशी, भिंगातून पाहिलं तेव्हा, खसखशीपेक्षाही बारीक दाणे. ती बीजांडं. म्हणजे पुढचे दहा दिवस नवीन अवयव बनणार नव्हते. जे बनलंय ते वाढवायचं, पाणी आणि साखर भरून मोठं करायचं, एवढंच काम राहिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या कळीने दाखवली. शाळेत आपण शिकतो की बाहेर हिरवा निदलपुंज, आत रंगीत दलपुंज. जास्वंदीत ते चटकन दिसतं. ब्रह्मकमळात अशी सीमाच नाही. नळीवर लहान खवले, वर गेलं की ते लांब होतात, मग गुलाबी-तांबूस चिंचोळ्या पट्ट्या होतात, आणि आत आत जाता जाता पांढऱ्या रुंद पाकळ्या. निदल कुठे संपलं आणि पाकळी कुठे सुरू झाली, ते बोट ठेवून सांगता येत नाही. निवडुंगांच्या फुलांची रीतच ती.

चौदाव्या दिवसापासून वाढीने वेग घेतला. रोजच्या रोज दोन-तीन सेंटिमीटर! पट्टी कमी पडायला लागली, कारण नळी वळू लागली होती. म्हणून दोरा लागतो. खाली लोंबणाऱ्या कळीचं तोंड हळूहळू वर येत होतं. सतराव्या दिवशी तिचा आकार इंग्रजी 'जे' अक्षरासारखा झाला, विसाव्या दिवशी हंसाने मान वर करावी तसा. टोक फुगलेलं, बाहेरच्या तांबूस पट्ट्या सैल झालेल्या, आणि त्यांच्या फटीतून पहिल्यांदाच पांढरा रंग डोकावला. दोऱ्याने लांबी भरली २४ सेंटिमीटर. मोहरीच्या दाण्यापासून!

मान वर झाली आणि टोक फुगलं की समजायचं, आता रात्र जवळ आली. आजीला विचारलं तर तिने कळीकडे नुसतं पाहून सांगितलं, "उद्या." आणि ती बरोबर निघाली.

एकविसाव्या दिवशी आम्ही गॅलरीतला दिवा बंद ठेवला. आठ वाजता टोकाच्या पाकळ्यांमध्ये एक सेंटिमीटर फट होती. साडेआठला तीन. वास यायला लागला होता, गोड आणि थंड, आधी पुसट, मग अख्ख्या खोलीत. नऊ वाजता सहा सेंटिमीटर. सव्वानऊच्या सुमाराला भाची कुजबुजली, "मावशी, हलली!" खरंच, एक तांबूस पट्टी शेजारणीपासून सुटून किंचित झटक्याने मागे गेली होती. इतका वेळ जे आम्ही पट्टीने मोजत होतो ते डोळ्यांनी दिसलं. दहाला बारा सेंटिमीटर. अकरा वाजता फूल पूर्ण उघडलं, जेवायच्या छोट्या ताटलीएवढं. आत पुंकेसरांची झालर, आणि त्यांच्या पुढे आलेली कुक्षी, पंधरा-सोळा पांढरी बोटं पसरलेली, जणू फुलातच आणखी एक छोटं फूल.

पाकळ्या उघडतात कशा? त्यांना आपल्यासारखे स्नायू नाहीत. तुम्ही उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले पापड पाहिले असतील. पापडाची वरची बाजू आधी सुकते, आकसते, आणि कडा वर वळतात. पाकळीत याच्या उलट होतं. पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी पाणी ओढून घेतात आणि बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त फुगतात, म्हणून पाकळी बाहेर झुकते. पाणी ओढायला साखर लागते. मिठाने लोणच्यातल्या कैरीचं पाणी सुटतं ना, तसं साखर वाढली की पेशी पाणी आपल्याकडे खेचते.

"पण तिला कसं कळतं की रात्र झाली?" भाचीचा पुढचा प्रश्न. झाडांच्या आत घड्याळ असतं. या झाडाला १८२८ साली पहिलं शास्त्रीय नाव देणारे स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ ऑगस्टिन द कांदोल यांनीच या घड्याळाचा एक भारी पुरावा दिला होता. त्यांनी लाजाळूची झाडं सतत उजेडात ठेवली. रात्रच नाही! तरी लाजाळूची पानं ठरावीक वेळाने मिटत आणि उघडत राहिली, साधारण २२ ते २३ तासांच्या फेऱ्याने. म्हणजे पानं नुसती बाहेरच्या उजेडावर चालत नव्हती, आतलं काहीतरी वेळ सांगत होतं. ते घड्याळ रोजच्या सूर्याने चोवीस तासांवर जुळवून घेतलं जातं. ब्रह्मकमळाची कळी तयार झाली की अंधार आणि हे घड्याळ मिळून तिची वेळ ठरवतात.

आता रात्रच का, ते. या फुलाला जे पाहुणे हवेत ते रात्री जागे असतात. हॉक मॉथ नावाचे मोठे पतंग. फुलावर न बसता, हवेत एका जागी पंख फडफडवत राहतात आणि लांबलचक सोंड आत घालून मध पितात. आमच्या फुलाची नळी १५ सेंटिमीटर होती आणि मध तिच्या तळाशी. तेवढी लांब सोंड असेल त्यालाच तो पोचतो. अंधारात रंग काय कामाचा? म्हणून पांढरं फूल आणि लांबवर जाणारा वास. रात्रीच्या पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगूनच टाकते: आपल्या भीमाशंकरच्या जंगलात एक मोठा भुंगा आहे, तो अमावास्येच्या अंधारातसुद्धा फुलं शोधतो. हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे रात्री जागून याचा अभ्यास केला आहे. आपण झोपतो तेव्हा जंगलात केवढी वर्दळ असते!

मग फूल सकाळपर्यंत तरी का टिकत नाही? विचार करा, एवढ्या मोठ्या, पातळ पाकळ्या ओल्या ठेवायला किती पाणी लागत असेल! दिवसाच्या उन्हात ते पाणी भराभर उडेल, आणि ज्यांच्यासाठी फूल उघडलं ते पतंग तर पहाटेच निघून गेलेले. पाणी जपून वापरणाऱ्या झाडाने हा खर्च थांबवलेलाच बरा. पहाटे साडेपाचला आम्ही उठून पाहिलं. पाकळ्या मिटून ओल्या रुमालासारख्या झाल्या होत्या. वास गेला होता.

फळ धरेल का, याची आम्ही वाट पाहिली. नाही धरलं. आपल्याकडे ते क्वचितच धरतं. बऱ्याच निवडुंगांत स्वतःच्याच परागकणांनी फळ होत नाही, दुसऱ्या झाडाचे लागतात. आणि आपल्याकडे ब्रह्मकमळ कसं पसरलंय? काकूंनी एक पान दिलं, ते आपण लावलं, आपण आत्याला दिलं. म्हणजे काकूंचं, आपलं आणि आत्याचं, तिन्ही एकाच झाडाचे तुकडे. याचं फळ कसं असतं ते पाहायचं असेल तर बाजारातलं ड्रॅगन फ्रूट बघा. ते याच कुळातलं आहे, त्याचंही फूल रात्री उमलतं आणि दिसायला आपल्या फुलाचं भावंड शोभेल असं असतं. सांगली-सोलापूरकडे आता त्याच्या बागा आहेत. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर पावसाळ्यात एक रात्र त्यांच्या बागेत नक्की काढा.

आणि हो, नावाचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, ३,००० मीटरहून उंच, दगडांमध्ये. ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे आणि सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या निवडुंगाचं त्याच्याशी काहीच नातं नाही. या निवडुंगाला केरळात निशागंधी म्हणतात, जपानात त्याच्या नावाचा अर्थ होतो 'चांदण्यातली सुंदरी'. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या त्याला ब्रह्मकमळ म्हणतात, आणि मी तेच म्हणत राहणार. फक्त दोन वेगळी झाडं आहेत हे लक्षात असू द्या.

आमच्या वहीत आता दोन फुलांच्या नोंदी आहेत. दुसऱ्याला एकोणीस दिवस लागले, पहिल्याला एकवीस. असं का झालं, पावसामुळे, उजेडामुळे की आणखी कशामुळे, ते कळायला दोन फुलं पुरत नाहीत. वीस तरी हवीत. तुमच्या घरी ब्रह्मकमळ असेल तर जून ते सप्टेंबर रोज खाचा तपासा. ठिपका दिसला की तारीख लिहा, दोरा घ्या, आणि कुंडी अजिबात हलवू नका. घरी नसेल तर शेजारी एक पान मागा. कुणी नाही म्हणणार नाही. कापलेली बाजू तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीत दोन बोटं खोल खोचा आणि पाणी बेताने घाला. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात.